बसणारं चाक आणि पेलणारं चाक

माझ्या पिकअपच्या मागच्या उजव्या चाकातली हवा दर तीन-चार दिवसांनी सहा-सात पीएसआयने उतरत होती. दोनदा टायरच्या नक्षीवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं. खिळा नाही, काटा नाही, बुडबुडा नाही. तिसऱ्या वेळी मेकॅनिककाकांनी चाक काढलं, पालथं घातलं आणि रिमच्या आतल्या बाजूवर साबणाचं पाणी फिरवलं. कडेपासून दोन बोटं आत बारीक बुडबुड्यांची एक रेघ उमटली. टायर निर्दोष होता. तडा रिमला गेला होता, केसाएवढा बारीक आणि बोटभर लांब.

काकांनी फडक्याने रिमची पाठ पुसली. ओतकामात उठवलेली अक्षरं वर आली: कमाल भार ६९० किलो.

"ताई, ही चाकं या गाडीला बसतात," ते म्हणाले, "पण पेलत नाहीत. आधीच्या मालकाने कुठल्या तरी हलक्या गाडीची चढवलीत."

ही पिकअप मी वापरलेलीच घेतली होती. हौद्यात ८०० लिटरची पाण्याची टाकी, पंप, पाइपाची वेटोळी आणि रोपांचे क्रेट असतात. डोंगरउतारावर लावलेल्या झाडांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी पोचवणं हे माझं काम. १८ इंची अलॉय चाकं गाडीसोबतच आली. दिसायला देखणी होती, आणि चाकाच्या पाठीवर काही लिहिलेलं असतं हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं टाकी भरून मी त्याच चाकांवर डोंगर चढत-उतरत होते. तडा पाहिल्यावर आधी ती वळणंच डोळ्यांपुढे आली.

त्या रात्री ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पाटी पहिल्यांदा नीट वाचली. भरलेल्या गाडीचं कमाल वजन ३००० किलो. पुढचा एक्सल (एका जोडीतल्या दोन चाकांचा आस) १३५०, मागचा १८५०. (दोन्ही एक्सलची बेरीज एकूण वजनाहून जास्त येते ते बरोबरच आहे. माल कधी पुढे सरकतो, कधी मागे, म्हणून प्रत्येक एक्सलला स्वतःची मर्यादा दिलेली असते.) मूळ टायर २६५/६५ आर १७ (रुंदी २६५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची), त्यापुढे ११२ एस. ११२ हा भारांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, आणि एस हे वेगाचं अक्षर. मागच्या एक्सलची मर्यादा १८५० म्हणजे एका चाकाच्या वाट्याला ९२५ किलो. माझं रिम ६९० चं. दोन्ही रिमं मिळून १३८०. एक्सल जेवढं सोसायला बांधला आहे त्याच्या पाऊणपटच चाकं त्याच्याखाली होती.

पण एक्सलवर प्रत्यक्षात किती भार येतो? हे अंदाजाने ठरवायचं नाही असं ठरवून गाडी वजनकाट्यावर नेली. आधी रिकामी टाकी, मग रोजच्यासारखी भरलेली. दोन्ही वेळा मी स्वतः सीटवर. रिकामी गाडी १९३० किलो: पुढे १०९०, मागे ८४०. भरलेली २८९०: पुढे ११५०, मागे १७४०. म्हणजे हौद्यात चढवलेल्या ९६० किलोंपैकी ९०० किलो थेट मागच्या एक्सलवर उतरले होते. मी इतके दिवस "गाडी मर्यादेच्या आत आहे" एवढाच विचार करत होते, आणि तो खराही होता. फक्त तो चाकांच्या कामाचा नव्हता.

काट्याच्या कडेची जमीन समतल होती, म्हणून काटेवाल्याला विनंती करून फक्त उजव्या बाजूची चाकं काट्यावर घेऊन पाहिली. मागचं उजवं चाक ९१०, डावं ८३०. पंप आणि त्याचं इंधन उजव्या कडेला बांधलेलं असायचं, त्याचा हा फरक. तडा उजव्या रिमलाच का गेला, ते तिथे कागदावर लिहून मिळालं. ६९० च्या रिमवर उभ्या गाडीत ९१० किलो. खड्ड्यात आदळताना आणि वळणावर त्याहून कितीतरी जास्त. दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते पंप मधोमध आणण्याचं. नवी चाकं येईपर्यंत टाकी भरली नाही.

मग शोध सुरू झाला. माझी अट मी एका ओळीत लिहून ठेवली होती: एका रिमची क्षमता किमान ९२५ किलो, शक्यतो हजाराच्या वर. काट्यावर आलेले ९१० धरून मी चाक निवडणार नव्हते. गाडी १८५० ची आहे, उद्या दुसरं कोणी ती तेवढी भरेल, तेव्हा चाक एक्सलच्या मर्यादेला उतरायला हवं.

पहिल्या विक्रेत्याने दाखवलेलं १७ इंची रिम मला खूप आवडलं. रुंदी ९ इंच, ऑफसेट (हे काय ते पुढे येतंच) शून्य. "सहा नटांच्या सगळ्या पिकअपला बसतं," तो म्हणाला. भाराचा आकडा विचारला तर त्याने कॅटलॉग उघडून बोट ठेवलं: १८५०. "तुमच्या पाटीवरही १८५०, इथेही १८५०. अगदी जुळतंय." क्षणभर मलाही हायसं वाटलं. घरी येऊन तक्त्याचं शीर्षक वाचलं तेव्हा कळलं की ते पौंड आहेत. १८५० पौंड म्हणजे ८३९ किलो. ९२५ ला ८६ किलो कमी. पाटीवरचा आकडा अख्ख्या एक्सलचा आणि किलोत, कॅटलॉगमधला एका चाकाचा आणि पौंडांत. दोन्ही १८५० निघाले हा केवळ योगायोग, पण त्या योगायोगावर मी पाच रिमं घेऊन आले असते.

त्याच कॅटलॉगात आणखी एक गोष्ट दिसली. तेच डिझाइन, तेच नाव, तोच फोटो. पण ८ इंच रुंदीचं रिम २५०० पौंडांचं आणि ९ इंची १८५० चं. म्हणजे "या मॉडेलची क्षमता किती" हा प्रश्नच अपुरा आहे. व्यास, रुंदी, ऑफसेट आणि नटांची मांडणी सांगून, त्या नेमक्या भाग क्रमांकाचा आकडा विचारावा लागतो. आणि माल हातात आल्यावर तोच आकडा रिमच्या पाठीवर उठवलेला आहे ना, हे पाहावं लागतं.

ऑफसेटचं गणित मी तेव्हा पहिल्यांदा मांडलं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा पृष्ठभाग यांतलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. माझं मूळ रिम साडेसात इंची, ऑफसेट अधिक ३०. त्या जागी ९ इंची, शून्याचं बसवलं तर मध्यरेषा ३० मिलिमीटर बाहेर जाते. वर रुंदी दीड इंचाने वाढली, त्याची निम्मी १९ मिलिमीटर. बाहेरची कड एकूण ४९ मिलिमीटर बाहेर. चाक मडगार्डाबाहेर डोकावतं आणि रुबाबदार दिसतं ते त्यामुळेच. पण भाराची रेषा ३० मिलिमीटर बाहेर सरकली म्हणजे व्हील बेअरिंगवरचा पीळ वाढला, स्टिअरिंग जड झालं, आणि खड्ड्याचा झटका हातापर्यंत जास्त जोराने येऊ लागला. पाणी वाहून नेणाऱ्या गाडीला हा सौदा मला परवडणारा नव्हता.

रिमची क्षमता ठरते कशी, हे समजून घेताना मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. अलॉय रिमच्या तीन मुख्य चाचण्या असतात. एकीत रिमला फिरतं वाकण देतात, वळणावर चाकाला पडणारा ताण हजारो वेळा द्यावा तसं. दुसरीत टायरसकट चाक ड्रमवर दाबून फिरवतात. तिसरीत कडेवर वजन आदळतात. पहिल्या चाचणीत किती जोराने वाकवायचं, ते ठरवताना भार, ऑफसेट आणि टायरची त्रिज्या हे तिन्ही हिशेबात धरतात, कारण वळणावर रस्ता टायरच्या तळाला बाजूने ओढतो आणि टायरची त्रिज्या ही त्या ओढीची तरफ. तरफ जितकी लांब तितकं रिम जास्त वाकतं. म्हणून काही उत्पादक भारासोबत कमाल टायरव्यासही देतात. टायर मोठा घेतला की रिमवरचा आकडा तोच राहतो, पण तो ज्या टायरसाठी दिला होता तो टायर आता तिथे नसतो. कोणी हे सांगताना मला तरी भेटलं नव्हतं.

रिमवरच्या शिक्क्यांबद्दलही थोडं. जेडब्ल्यूएल हे जपानचं अलॉय चाकांचं मानक. ते प्रवासी मोटारींसाठी आहे. ट्रक आणि बससाठीचं वेगळं, जेडब्ल्यूएल-टी. शेजारी व्हीआयए असेल तर त्या स्वतंत्र संस्थेकडे चाकाची चाचणी आणि नोंदणी झाली आहे असा अर्थ. अमेरिकी बाजाराच्या चाकांवर एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२५३० हे मानक दिसतं. शिक्का साच्यात कोरणं अवघड नसतं, म्हणून मी त्या भाग क्रमांकाचा चाचणी अहवाल मागितला. दोन विक्रेत्यांनी नंतर फोनच उचलला नाही. तिसऱ्याने त्याच दिवशी कागद पाठवला. रिम त्याच्याकडूनच घेतलं: १७ बाय ८, ऑफसेट अधिक २५, २५०० पौंड म्हणजे ११३४ किलो, जेडब्ल्यूएल-टी आणि व्हीआयए. मूळ रिमच्या तुलनेत बाहेरची कड ११ मिलिमीटर बाहेर, आतली जेमतेम एक मिलिमीटर आत. एक्सलला साजेसं, आणि दोनशे किलोंची शिल्लक.

आता टायर. इथे प्रत्येकाचा एकच सल्ला होता: "दहा प्लायचा घ्या, काळजी मिटली." (प्लाय म्हणजे टायरच्या आतला थर; आता हा आकडा थर मोजत नाही, फक्त ताकदीचा दर्जा सांगतो.) मी तो जवळजवळ मानला होता. पण तक्ता उघडून बसले आणि टायरबद्दलची माझी कल्पनाच बदलली.

एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या वर्गातला) २६५/७० आर १७ हा एकच साइज घ्या. लोड रेंज सी, म्हणजे सहा प्लाय रेटिंगचा टायर: भारांक ११२, ११२० किलो, ५० पीएसआयला. लोड रेंज ई, म्हणजे दहा प्लाय रेटिंगचा: भारांक १२१, १४५० किलो, पण ८० पीएसआयला. ई टायरमध्ये ५० च हवा ठेवली तर तोही ११२० च्या आसपासच पेलतो. जास्तीचे ३३० किलो जाड भिंतीतून आले नाहीत, ते जास्तीच्या ३० पीएसआयमधून आले. जाड भिंत ती हवा कोंडून धरते, एवढंच. वजन पेलते ती हवा. भारांकासोबत हवेचा आकडा नसेल तर तो भारांक अर्धवट आहे.

एलटी टायरवर भारांक ११२/१०९ असा दोन आकड्यांत का लिहिलेला असतो, हेही तेव्हाच कळलं. पहिला एक्सलच्या एका बाजूला एकच टायर असेल तेव्हाचा, दुसरा जोडटायरांचा. माझ्या कामाचा पहिलाच.

याच साइजचा साधा, म्हणजे एलटी नसलेला टायरही मिळत होता, भारांक ११५, म्हणजे १२१५ किलो. वरवर पाहता तो ११२ पेक्षा सरस. पण मोटारींच्या वर्गातला टायर पिकअपवर चढवताना अमेरिकेच्या नियमात त्याची क्षमता १.१० ने भागतात, कारण मालवाहू गाडीचं चाक जास्त आदळतं आणि त्यावरचा भार कमी-जास्त होत राहतो. १२१५ भागिले १.१ म्हणजे ११०४. एलटी सी च्या ११२० पेक्षा कमी! तीनचार वेळा मांडून पाहिलं, उत्तर तेच. तेव्हापासून दोन वेगळ्या वर्गांतले भारांक मी नुसते शेजारी ठेवून पाहत नाही.

या हिशेबाने माझे जुने १८ इंची टायरही तपासले. २६५/६० आर १८, भारांक ११०, १०६० किलो, भागून ९६३. म्हणजे टायर ९२५ ला पुरून उरत होते. दोन वर्षं मी टायरचीच काळजी घेत होते, नक्षी मोजत होते, हवा बघत होते, आणि तुटत होतं ते त्यांच्या आतलं रिम.

ई चा मोह शेवटी सोडला. ११३४ किलोंच्या रिमवर १४५० किलोंचा टायर चढवून चाक १४५० चं होत नाही. शिवाय ८० पीएसआय भरायचे तर रिमही तेवढ्या दाबाला मान्य हवं आणि व्हॉल्व्हही. साधा रबरी व्हॉल्व्ह थंड टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. त्याहून जास्त हवेला उच्च दाबाचा किंवा नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह लागतो. टायर ई चा आणि व्हॉल्व्ह जुनाच, अशी जोडणी मी दोन गाड्यांवर पाहिली आहे आणि दोन्ही मालकांना सांगितलंही. माझ्या ९२५ साठी सी चे ११२० पुरेसे होते. रिकाम्या गाडीत तो कमी उडतो आणि वजनालाही हलका. धारदार दगडांतून रोजच जायचं असतं तर कदाचित मी वेगळा निर्णय घेतला असता.

२८५/७० आर १७ चाही विचार केला होता, कारण तो गाडीखाली छान भरून दिसतो. मूळ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर, २६५/७० चा ८०३, २८५/७० चा ८३१. पहिला बदल साडेतीन टक्क्यांच्या आत, दुसरा सात टक्के. सात टक्के मोठ्या चाकाने वेगाचा काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने धावत असते, चढावर प्रत्येक गिअर तेवढाच लंगडा होतो आणि ब्रेकला तेवढी लांब तरफ अडवावी लागते. रिमच्या वाकण्याचं वर सांगितलंच आहे. ८०३ वर थांबले. चाकांच्या बदलाबाबत आपल्याकडचा वाहन कायदा काय म्हणतो ते आधी वाचलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं; हे दोन्ही एका दुपारचं काम.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक वाचले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पाचपैकी एक टायर इतरांपेक्षा तीन वर्षं जुना निघाला. विक्रेत्याने काही न बोलता बदलून दिला.

बसवण्याच्या दिवशी काकांनी हबची जागा तारेच्या ब्रशने घासून घेतली. माझ्या हबचा व्यास १०६.१ मिलिमीटर. जुन्या अलॉयचं मधलं भोक ११० चं होतं आणि मधे रिंगही नव्हती, म्हणजे चाक नेमकं मध्यावर बसणं सर्वस्वी नटांवर सोडलेलं. नवी रिमं १०६.१ चीच मागवली होती. ती हबवर सरकली तेव्हा 'टक' असा आवाज आला आणि काका हसले.

नटांपाशी मात्र काम थांबलं. गाडीचे मूळ नट सपाट वॉशरचे. नव्या रिमची भोकं ६० अंशाच्या शंकूची. सपाट नट शंकूच्या भोकात आवळला तरी घट्ट लागतो, पण तो टेकतो फक्त कडेवर, आणि काही दिवसांनी ढिला पडतो. शंकूचे नट आणेपर्यंत गाडी तशीच जॅकवर राहिली. मग आट्यांची मोजदाद. स्टड १२ मिलिमीटरचा, आटा दीड मिलिमीटरचा; नट किमान स्टडच्या जाडीएवढा आत जायला हवा, म्हणजे पूर्ण आठ फेरे. अलॉयची बैठक पत्र्याच्या रिमपेक्षा जाड असते म्हणून हे मोजायचं. साडेनऊ भरले. आटे कोरडे ठेवले, तेल नाही. चांदणीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. एअर गनला काकांनी हात लावला नाही.

स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून, एक चाक ठोकळ्यावर चढवून पाहिलं. मडगार्डाच्या आतल्या अस्तराला तळव्याएवढी फट उरत होती. स्टेपनीची काळजी जास्त होती, कारण नवा टायर २७ मिलिमीटरने मोठा आणि हौद्याखालची जागा मोजकी. बसली, स्प्रिंगच्या पाट्यांना न घासता. स्टेपनीही त्याच क्षमतेचीच घेतली. टाकी भरलेली असताना रस्त्यात लागेल ती स्टेपनीच.

हवेचं शेवटी ठरवलं. जुन्या पाटीवर मागच्या चाकांना ३६ पीएसआय होते, ते जुन्या वर्गाच्या टायरसाठी. एलटी टायर तेवढ्याच हवेत तेवढा भार पेलत नाही. उत्पादकाचा भार आणि हवेचा तक्ता पाहून भरलेल्या गाडीला मागे ५०, पुढे ४०. रिकामीला सगळीकडे ४०. सकाळी, टायर थंड असताना. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबून तापतो, आणि तापलेल्या टायरची नक्षी आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटते. २००० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले ते नक्षी सुटण्यामुळेच, आणि टायरमध्ये किती हवा ठेवायला सांगितली होती हा त्या वादातला मोठा मुद्दा होता. त्याच वर्षीच्या तिथल्या वाहन-सुरक्षेच्या 'ट्रेड' (TREAD) कायद्यातून पुढे नव्या गाड्यांत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही. म्हणून हवा मोजायचं यंत्र दाराच्या कप्प्यात असतं.

शंभर किलोमीटरनंतर टाकी रिकामी करून नट पुन्हा तपासले. चोवीसपैकी तीन थोडे फिरले, तिन्ही मागच्या चाकांचे. पुढच्या शंभरानंतर एकही नाही. मग पुन्हा काट्यावर गेले: पंप मधोमध आल्यावर मागचं उजवं ८७५, डावं ८६५.

जुनी चारही रिमं भंगारात दिली, तीही स्पोक कापून, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या गाडीखाली जायला नकोत. आणि दाराच्या चौकटीवर, कारखान्याच्या पाटीच्या खाली, मी एक छोटी पाटी चिकटवली. त्यावर नव्या टायरचा साइज, भारांक, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची हवा, आणि शेवटच्या ओळीत: रिमची क्षमता ११३४ किलो, प्रत्येकी. किलो हा शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. ही गाडी कधीतरी मी विकेन, आणि ती घेणाऱ्याला चाक पालथं घालावं लागू नये.